रेशनचे धान्य आणि ताटातली डाळ

आरोग्याच्या सदरात शिधापत्रिकेचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी आणि आसपासच्या खेड्यांतील रुग्ण तपासताना मी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहतो, तसाच आणखी एक प्रश्न विचारतो : घरात कार्ड कोणते आहे आणि त्यावर नावे किती आहेत? या एका उत्तरावरून त्या घरातल्या स्वयंपाकाचा बराचसा अंदाज येतो. थकवा, चक्कर, हातापायांना मुंग्या, मुलाचे वजन न वाढणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला बहुधा टॉनिकची बाटली हवी असते. बाटली महिनाभरात संपते. ताट मात्र रोजचे असते.

म्हणून आज आपण तीन गोष्टी पाहू. रेशनवर काय मिळते, त्यात काय नसते, आणि जे नसते ते आपल्या ऐपतीत कसे भरून काढता येईल.

कंट्रोलपासून अन्नसुरक्षेपर्यंत

आपल्याकडे रेशन दुकानाला अजूनही 'कंट्रोल' म्हणतात. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. धान्याची टंचाई झाल्यामुळे १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्याच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लोकांनी परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुखडी खाऊन दिवस काढले, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. चवीला मिलो कुणालाच आवडली नाही, पण तिने अनेकांचे जीव तगवले.

१९९७ पर्यंत गरीब आणि श्रीमंत दोघांनाही एकाच पद्धतीने रेशन मिळत असे. त्या वर्षीच्या जूनपासून गरिबांसाठी वेगळी, लक्ष्य ठरवून दिलेली व्यवस्था आली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे सुरू झाली : वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त असेल तर पांढरे. डिसेंबर २००० मध्ये अतिगरिबांसाठी अंत्योदय योजना आली. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला आणि फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. तेव्हापासून रेशनचे धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

कोणत्या कार्डावर किती

अंत्योदय कार्डावर घरात माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असलेल्या कार्डावर माणशी ५ किलो मिळते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्राधान्य यादीत केशरी कार्डाची पुष्कळ कुटुंबे आहेत, तेव्हा नुसत्या रंगावरून हक्क ठरत नाही. शिक्का आणि ऑनलाइन नोंद महत्त्वाची.

कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि ज्वारी-बाजरीसारखे भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफत ठेवण्याचे केंद्र सरकारने ठरवले. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण वेळोवेळी बदलते. एकूण ५ किलो मात्र ठरलेले आहेत.

आपल्या परभणी जिल्ह्याची आणखी एक बाब आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने १४ जिल्हे वेगळे काढले आणि तेथील जे केशरी कार्डधारक शेतकरी प्राधान्य यादीत नव्हते त्यांनाही २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्त दरात सुरू केले. त्यात मराठवाड्यातील सर्व जिल्हे होते. २०२३ साली या कुटुंबांना धान्याऐवजी पैसे देण्याचे ठरले. आधी माणशी महिना १५० रुपये, नंतर २०२४ साली १७० रुपये. ते कार्डावरील महिला कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात जमा करावेत असे ठरले.

पाच माणसांच्या घरात १७० च्या हिशेबाने ही रक्कम ८५० रुपये होते. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर धान्य आणि पैसा यांत मोठा फरक आहे. पोते घरात आले की ते दिसते आणि शिजते. पैशाला पाय असतात. तो मोबाईलच्या रिचार्जला, पुडीला किंवा हातउसन्याच्या फेडीला केव्हा गेला हे कळत नाही. ज्या घरांना ही रक्कम मिळते त्यांना माझे सांगणे असते की ती जमा झाल्याचा निरोप आला त्याच आठवड्यात तिची डाळ आणा.

१६५ ग्रॅमचा हिशेब

महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २००० उष्मांकांच्या समतोल आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. शिवाय थोडे तेल, शेंगदाण्यासारखे पदार्थ आणि फळे आहेत.

आता ताळा करून पाहू. रेशनमधून धान्याची दोन तृतीयांश गरज भागते. राहिलेले धान्य घरच्या शेतातून किंवा बाजारातून येते. १६५ ग्रॅम गहू-तांदळातून सुमारे ५७० उष्मांक आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एक तृतीयांश झाली. डाळ, भाजी, दूध, तेल हे तर या पोत्यात नाहीच.

यावरून रेशन निरुपयोगी आहे असे कुणी समजू नये. ते उपाशीपणाविरुद्धचा बांध आहे. परंतु पोट भरणे आणि अंगाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी भात, रात्री पोळी आणि दोन्ही वेळेला मिरचीचा ठेचा खाणाऱ्या माणसाचे पोट रिकामे नसते, पण त्याचे रक्त पातळ असू शकते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला.

धान्याबरोबर डाळ का लागते? गहू, तांदूळ, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. दोन्ही एका जेवणात आली की शरीराला पुरेपूर उपयोग होतो. वरण-भात, डाळ-भाकरी, खिचडी हे आपल्या वाडवडिलांनी बसवलेले मेळ शास्त्राला धरूनच आहेत. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण लक्षात ठेवावे.

ज्वारी सोडू नका

गहू-तांदूळ फुकट मिळू लागल्यावर अनेक घरांत भाकरी मागे पडली, असे मला दिसते. हा सौदा तोट्याचा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, तर पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. चोथाही ज्वारीत तांदळाच्या तिप्पट-चौपट असतो. त्यामुळे पोट साफ राहते आणि मधुमेही माणसाची साखर एकदम चढत नाही. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ साली आले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. रेशनचा तांदूळ दुपारी आणि भाकरी रात्री, अशी सांगड घातली तर दोन्हींचा फायदा होतो.

कार्डावर नाव नसलेली सून

गेल्या पावसाळ्यात सातव्या महिन्याची एक गर्भवती सासूबरोबर तपासायला आली. दम लागतो, पाय सुजतात. डोळ्यांच्या आतली बाजू कागदासारखी पांढरी होती आणि हिमोग्लोबिन साडेसात निघाले. गरोदरपणी ते ११ असावे आणि ७ च्या खाली गेले तर बाळंतपणात आईच्या जिवाला धोका असतो. कार्डाचे विचारले तेव्हा सासू म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तिकडून नाव कमी केलं, हिकडं अजून चढलंच नाही." लग्नाला अडीच वर्षे झाली होती. पहिले लेकरू दीड वर्षाचे, त्याचेही नाव नव्हते. सहा माणसांच्या घरात चार माणसांचे २० किलो धान्य येत होते. राहिलेले धान्य विकत आणण्यात डाळीचे पैसे जात होते. सून सगळ्यांच्या मागून जेवत होती आणि तिच्या वाट्याला वरणाचे पाणी येत होते.

तिला लोहाची औषधे दिली, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, आणि वेळेवर आल्यामुळे बाळंतपण नीट पार पडले. पण दुखण्याचे अर्धे मूळ त्या कार्डात होते. कायद्याचे म्हणणे असे आहे की शिधापत्रिकेवर घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख असावी. कागदावर बाई घराची प्रमुख आणि पंगतीत मात्र बाई शेवटी, हे चालणार नाही. गर्भवतीचे ताट आधी वाढावे, त्यात डाळ घट्ट असावी. सासूबाईंनी मनावर घेतले तर हे उद्यापासून होऊ शकते.

नावे कशी चढवावीत

सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा आणि आधार कार्ड घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा ऑनलाइन अर्ज करावा. बाळासाठी जन्माचा दाखला लागतो, म्हणून जन्मनोंद लगेच करून घ्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी.

कार्डावर शाईने नाव लिहिले म्हणजे धान्य सुरू झाले, असे मात्र नाही. राज्याला २०११ च्या जनगणनेवर आधारलेली सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे. तिला 'इष्टांक' म्हणतात. त्यात जागा असेल तेव्हाच नव्या नावाला धान्य मिळते. म्हणून १२ अंकी शिधापत्रिका क्रमांकावर ऑनलाइन किती नावे आहेत हे दुकानात विचारून घ्यावे. मयत माणसांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावे वेळेवर कमी केली, तर तीच जागा एखाद्या तान्ह्या बाळाला मिळू शकते.

सर्वांची ई-केवायसी पूर्ण करून घ्यावी. कापूस वेचणाऱ्या बायकांची आणि म्हाताऱ्या माणसांची बोटे यंत्रावर उमटत नाहीत. अशा वेळी दुसरे बोट लावून पाहावे, बोट स्वच्छ धुऊन पुसावे, आणि यंत्रावर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय असेल तर ती मागावी.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत आपले धान्य दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही उचलता येते. कार्ड क्रमांक आणि अंगठा पुरेसा आहे. थोडे धान्य गावी म्हाताऱ्या आईवडिलांनी आणि उरलेले कारखान्यावर, असेही घेता येते. फडावर लेकरे सहा महिने अर्धपोटी राहण्यापेक्षा हे बरे.

तांदळातले वेगळे दाणे

अधूनमधून कुणी पुडी बांधून तांदूळ दाखवायला आणतो आणि विचारतो, "यात प्लॅस्टिक आहे का?" २०२१ साली झालेल्या घोषणेनंतर मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने रेशनचा तांदूळ 'पोषणयुक्त' करून देण्यात आला. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व ब-१२ घालून दाणे बनवतात आणि १०० दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. ते थोडे वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यावर तरंगतातही. ते प्लॅस्टिक नव्हे. अशा पोत्यावर निळी 'अधिक एफ' खूण असते. हे दाणे निवडून टाकू नयेत, तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि पेज ओतून देऊ नये. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण घरात असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे.

धान्य साठवताना

धान्य उन्हात वाळवून, चाळून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला तर कीड कमी लागते. बुरशी आलेले, कुबट वासाचे धान्य किंवा शेंगदाणे लेकरांना कदापि देऊ नयेत. कीड मारण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात ठेवू नयेत. त्यातून निघणारा वायू झोपेतल्या माणसांचा जीव घेतो.

थोड्या पैशात ताट भरण्यासाठी

१. ५ माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो डाळ-कडधान्य आणले तर माणशी रोज ३३ ग्रॅम पडते. शास्त्राच्या ८५ ग्रॅमच्या निम्मेही नाही, तरी वरणाच्या पाण्यापेक्षा फार चांगले. मोफत धान्यामुळे वाचलेला पैसा आधी येथे लावावा.

२. शेतकऱ्यांनी सगळी तूर बाजारात घालू नये. स्वस्तात तूर विकायची आणि पुढे दुकानातून महाग डाळ आणायची, हा उलटा व्यवहार आहे. वर्षाची डाळ घरी भरून ठेवावी.

३. मटकी, मूग, हरभरा, हुलगे भिजवून मोड आणून खावेत.

४. सोयाबीन घरचे असेल तर उकडून, वाळवून, भाजून ९ भाग गव्हात १ भाग दळावे. कच्चे सोयाबीन कधीही वापरू नये, ते पचत नाही.

५. शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, अंबाडी, तांदूळजा, शेवग्याचा पाला या स्वस्त गोष्टी ताटात रोज असाव्यात. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते.

६. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह वाया जाते.

७. गर्भवतींनी लोहाच्या मोफत मिळणाऱ्या १८० गोळ्या पूर्ण घ्याव्यात. अंगणवाडीचा आहार तिने स्वतः खावा, तो घरभर वाटू नये.

कार्ड दवाखान्यातही लागते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या शस्त्रक्रिया आणि उपचार मोफत होतात. जुलै २०२४ पासून सर्व रंगांच्या कार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण लागू झाले. त्यासाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. दोन्हींवरील नाव जुळत नसेल तर ऐन वेळी धावपळ होते. नावातली चूक आज, घरात सगळे धडधाकट असताना दुरुस्त करून घ्यावी.

धान्य घेताना यंत्राची पावती मागा आणि तीवरचे वजन पाहा. धान्य कमी मिळाले किंवा नाकारले तर १९६७ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते.

वाचकहो, या आठवड्यात एवढे करा. कार्ड बाहेर काढून नावे मोजा आणि घरातली माणसे मोजा. दोन आकडे जुळत नसतील तर सोमवारीच तहसीलची वाट धरा. आणि आज रात्री घरात जी सर्वांत शेवटी जेवते, तिच्या ताटात डाळ किती आहे ते एकदा पाहा. गर्भवतीच्या रक्तक्षयावरील औषधोपचारांची माहिती पुढच्या आठवड्यात घेऊ.